खाल्लेलं अंगी लागेना

कार्ल्सरूह, 9 मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. तुझं मे महिन्याचं तिकीट झालं, म्हणजे आता तू सामानाची यादी करायला बसणार. त्याआधी हे पत्र हातात पडावं म्हणून घाईने लिहितोय. फोनवर सांगितलं की तू "बरं बरं" म्हणतेस आणि तुला हवं तेच करतेस.

विषय खंड्याचा. दिवाळीत व्हिडिओवर त्याच्या बरगड्या बघून तू म्हणालीस, "मुक्या जिवाला उपाशी ठेवता का रे?" अगं, तेव्हा तो तिघांचं जेवण एकटा जेवत होता. वर नातीच्या डब्यातली पोळी, टेबलावरचं लोणी आणि एकदा माझा डावा पायमोजा. तरी वाळून कोळ. मी लहान असताना तू अख्ख्या गंगापूर रोडला सांगायचीस, "खातो मस्त, पण अंगी लागत नाही मेल्याच्या." माझ्यावर तो निव्वळ आरोप होता. खंड्याचं मात्र तेच निदान निघालं.

आधी आम्ही जंतांचं औषध देऊन पाहिलं, काही फरक नाही. मग रक्त तपासायचं ठरलं, त्यासाठी बारा तास उपाशी. आमच्या घरातला साबुदाण्याशिवायचा हा पहिला उपास. पहाटे चारपासून तो ज्या सुरात गात होता, त्यावरून शेजाऱ्यांना कुणीतरी गेलं असं वाटलं असावं. आकडा अडीचच्या खाली आला की खात्रीच, म्हणतात. याचा जेमतेम एक.

म्हणजे झालंय काय, तर स्वादुपिंडाने पाचक रस करणं सोडलंय. पोटात पडलेलं फुटतच नाही, तसंच पुढे निघून जातं. (किती, कसं आणि कुठल्या रंगाचं, ते तू जेवताना पत्र वाचतेस म्हणून लिहीत नाही.) जर्मन शेफर्डमध्ये हे बरंच आढळतं. या जातीची संघटना 1899 साली आमच्याच कार्ल्सरूहमध्ये स्थापन झाली, तेव्हा दुखणं इथलंच म्हणायचं. आणि ज्या ट्रिप्सिन नावाच्या रसावरून ही तपासणी होते, त्याचं बारसं शेजारच्या हायडेलबर्गमध्ये कूने नावाच्या प्राध्यापकाने केलं, 1876 च्या सुमारास. 'एन्झाइम' हा शब्दही त्याचाच. एवढे थोर लोक आसपास होऊन गेले आणि वाडगा ढवळायला मी.

तर रोजचा कार्यक्रम असा. भात मऊ गुरगुट्या, तूप नाही. कोंबडी वेगळ्या पातेल्यात, बाल्कनीतल्या शेगडीवर. तुझ्या कुकरला हात लावलेला नाही. सगळं कोमट झालं की पाचक रसांची चमचाभर पावडर, थोडं पाणी, आणि ढवळून वीस मिनिटं झाकण. झाकण काढलं की कोंबडीचे धागे सुटलेले असतात, भाताची शितं कडेने विरघळून पिठल्यासारखं पाणी सुटलेलं असतं. पहिला घास ताटातच पचलेला! खंड्या समोर बसून लाळ गाळतो, नैवेद्य दाखवून होईपर्यंत बाबा बसायचे तसा. डॉक्टरीणबाई म्हणतात, नीट कालवलं तर लगेच दिलं तरी चालतं. पण नातीने त्या वीस मिनिटांत पाढे म्हणायचं ठरवलंय, आता तो नेम मोडवत नाही. शिवाय आठवड्याला बी-12 चं इंजेक्शन. ते तुझी सून देते, मी तोंड फिरवून पाय धरतो. खंड्याचे.

एकदा मात्र घोटाळा झाला. "गार कसं खाईल बिचारं" म्हणून सूनबाईंनी कालवलेला वाडगा मायक्रोवेव्हमध्ये फिरवला. तापवलं की ते रस मरतात, नुसती कोंबडी उरते. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यातल्या पायपुसण्यावर त्याचा निकाल लागला. पायपुसणं शेजारच्या आजींचं. त्यांना तुझ्या हातचा चिवडा देऊन प्रकरण मिटवलं, तेव्हा येताना दोन किलो जास्त आण.

आता मुद्द्याचं. तू आल्यावर "एवढंसं काय होतंय" म्हणून त्याला हाताने काहीही भरवायचं नाही. शंकरपाळे नाहीत, लाडू नाही, ओवा-हिंगाची मात्रा तर नाहीच. पावडरीविना पोटात गेलेला प्रत्येक घास दुसऱ्या दिवशी आपल्यालाच उचलावा लागतो. आणि मनुका आणूच नकोस. नाशिकच्या माणसाला हे लिहिताना हात जड होतो, पण द्राक्षं-मनुकांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं जातात; हे खंड्यालाच नाही, सगळ्याच कुत्र्यांना.

बाकी वजन चार किलोने वाढलंय. परवा त्याने पोस्टमनवर भुंकून दाखवलं, ही ताकद नवीन आहे.

ती. बाबांना नमस्कार.

तुझा,
बाळू

ता. क. मागच्या रविवारी व्हिडिओवर ओट्यावरचा डबा बघून तू म्हणालीस, "भांडी बाजारातला माझा डबा वापरता हो! सुंठ आहे ना त्यात? आल्यावर चहात घालीन." आई, ती सुंठ नाही. ती पावडर डुकराच्या स्वादुपिंडापासून करतात. डबा घासून ठेवू की तू नवाच आणतेस?