रुमाल टाकून धरलेले घर

नोटरीसाहेबांनी चष्मा पुसला, पाण्याचा घोट घेतला आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. करार बावीस पानांचा होता. श्टुटगार्टच्या त्या कचेरीत टेबलाच्या एका बाजूला फ्लॅट विकणाऱ्या आजीबाई, दुसऱ्या बाजूला नोकरीनिमित्त पुण्याहून आलेले जोडपे आणि मधे दुभाषी. नोटरी एक परिच्छेद जर्मनमध्ये वाचणार, दुभाषी तो इंग्रजीत सांगणार, मग पुढचा. पाचव्या पानावर पुणेकराच्या ध्यानात आले, की ही सत्यनारायणाची पोथी आहे. मधे उठायचे नाही, अध्याय गाळायचा नाही, प्रसाद शेवटी. फरक एवढाच, की इथे गुरुजींची दक्षिणासुद्धा कायद्यात ठरवून दिलेली असते.

त्याच्या डोक्यातला नोटरी वेगळा होता. शिवाजीनगर कोर्टाच्या आसपास झाडाखाली टेबल टाकून बसलेला, शिक्का आणि शाईचे पॅड सज्ज ठेवलेला. ‘इथं सही, इथं सही, आणि हितं अंगठा नको, सहीच करा.’ मजकूर वाचण्याचा आगाऊपणा तिथे कुणी करत नाही. जर्मनीत उलट. 1900 सालापासून लागू असलेल्या तिथल्या नागरी संहितेनुसार घराचा सौदा नोटरीपुढे झाला नाही तर तो झालाच नाही. आजीबाईंनी दोनदा केक खिलवून ‘घर तुम्हालाच’ असे म्हटले होते. तो शब्द गोड होता, पण कायद्याच्या लेखी त्याची किंमत केकइतकीही नव्हती. आणि दस्त नुसता लिहून भागत नाही, सगळ्यांदेखत मोठ्याने वाचावा लागतो. म्हणजे नंतर कुणाला ‘आम्हाला कुणी सांगितलंच नाही’ म्हणायची सोय नाही. आपल्याकडच्या निम्म्या भाऊबंदकीचा पायाच हे वाक्य असल्यामुळे पुणेकराला ही पद्धत जरा अमानुष वाटली.

दुभाष्याचीही एक हकिकत आहे. कचेरीतल्या बाईंनी फोनवर विचारले होते, जर्मन येते का? पुणेकराकडे बी-वन पातळीचे प्रमाणपत्र होते, त्यामुळे तो ऐटीत ‘हो’ म्हणाला. बाईंनी मसुद्यातले एकच वाक्य वाचून दाखवले. त्या वाक्याचे क्रियापद उगवेपर्यंत पुणेकराने दुभाषी मागितला होता. बिल अर्थात त्याच्याच नावे.

मग आले शब्द. तिथला एकेक सरकारी शब्द मालगाडीसारखा असतो, फाटकात उभे राहून डबे मोजत बसावे. ‘आउफलासुंग्सफोरमेर्कुंग’ हा त्यातला पहिला. दुभाष्याने तीन प्रकारे समजावला, तरी जोडप्याच्या चेहऱ्यावरची रेषा हलेना. शेवटी बायकोच म्हणाली, ‘अहो, एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकायचा, तसं आहे हे.’ अगदी तसेच आहे. तिकडे विक्रीचा करार ही एक गोष्ट आणि मालकी हाती येणे ही दुसरी, जसा साखरपुडा वेगळा आणि लग्न वेगळे. मधल्या काळात विकणाऱ्याने घर तिसऱ्याच्याच गळ्यात मारू नये, म्हणून ‘ग्रुंडबुख’ या जमीन-नोंदवहीत खरेदीदाराच्या नावाची आगाऊ नोंद होते. तो रुमाल. रुमाल पडल्याची खात्री करून नोटरी पत्र पाठवतो, की आता पैसे द्या. त्याआधी एक छदामही द्यायचा नाही. टोकन नाही, बयाणा नाही. ‘पाच लाख आज देऊन टाका, दुसरी पार्टी संध्याकाळी येतेय’ हे वाक्य ज्याने आयुष्यात तीनदा ऐकले आहे, त्याला या शांततेचीच धास्ती वाटते.

पैसे रोख देता येतील का, हा प्रश्न पुण्याहून वडिलांनी विचारला होता, निव्वळ माहितीसाठी. 1 एप्रिल 2023 पासून जर्मनीत घराची किंमत रोखीने चुकवायला बंदी आहे. सोनेही चालत नाही. ‘मग व्यवहार होतात कसे?’ वडिलांनी मनापासून विचारले.

व्यवहार महाग होतात. घरखरेदीचा कर प्रांतागणिक वेगळा. बायर्नमध्ये 3.5 टक्के, नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात 6.5, आणि श्टुटगार्ट ज्यात येते त्या बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये 5. वर दलालाचे 3.57 टक्के, नोटरी आणि नोंदणी मिळून साधारण दोन. चार लाख युरोंच्या फ्लॅटवर हा वरखर्च बेचाळीस हजारांच्या पुढे गेला, आणि बँकेचे म्हणणे, हा तुमचा तुम्ही बघा. दिलासा एकच होता, स्वयंपाकघराचा. फळ्या, ओटा, शेगडी ही जंगम वस्तू, तिच्यावर हा कर नाही. म्हणून ओट्याची किंमत करारात वेगळी लिहिली. पाच हजारांच्या ओट्यावर अडीचशे युरो वाचले. त्या दिवशी पुणेकराला पहिल्यांदा या देशात आपले कुणी आहे असे वाटले.

चौदाव्या पानाच्या आसपास नोटरीने मान वर केली. ‘आपण उभयता कोणत्या मालमत्ता-पद्धतीने विवाहित आहात?’ जोडपे एकमेकांकडे बघू लागले. लग्नाला सात वर्षे झाली होती. पत्रिका जुळवल्या होत्या, मानपान झाले होते, पण तुझे काय आणि माझे काय हे कुणी विचारले नव्हते. जर्मनीत विवाहाबरोबर मालमत्तेचा कायदाही लागू होतो, भारतात तसा आपोआप होत नाही. मग लग्न कुठे झाले, लगेच कुठे बिऱ्हाड थाटले, कोणत्या वर्षी, अशी चौकशी निघाली. अखेर ‘निम्मे-निम्मे’ असे नोंदवहीत लिहायचे ठरले. बायकोने तेवढ्या परिच्छेदाचे भाषांतर दुभाष्याकडून पुन्हा एकदा करून घेतले.

नावांचा गोंधळ त्याहून सरस. पुणेकराच्या पासपोर्टात स्वतःच्या नावाशेजारी वडिलांचे नाव, त्यामुळे बँकेची पत्रे अधूनमधून वडिलांनाच कर्ज दिल्यासारखी येत. बायकोचे माहेरचे नाव विचारल्यावर तिने सांगितले, की लग्नानंतर आडनावच नव्हे, मधले नावही बदलते. नोटरीने ते नीट टिपून घेतले. सासूबाईंच्या पिढीत पहिले नावसुद्धा बदलायचे, हे तिने मुद्दामच सांगितले नाही. पोथी पुन्हा पहिल्यापासून लागली असती.

सह्या झाल्या. आजीबाईंनी हात मिळवला, रुमाल पडला, पैसे गेले, कर भरला. आता करखात्याच्या एका कागदाशिवाय नोंदवही पुढे सरकत नव्हती. त्याचे नाव ‘उनबेडेंक्लिशकाइट्सबेशायनिगुंग’, रोमन लिपीत मोजून तीस अक्षरे. पुणेकराने ते शब्दकोशात तुकडे करकरून शोधले आणि खुर्चीत मागे रेलून हसत सुटला. तीस अक्षरांच्या डोंगरातून निघाला तो आपला घरचाच उंदीर, ‘ना हरकत दाखला’. इतकी वर्षे ज्याच्यामागे सोसायटीच्या सेक्रेटरीचे जिने चढले, तो इथेही आधीच येऊन बसला होता.

किल्ल्या मिळाल्या त्याच आठवड्यात दाराच्या मुठीला एक पाटी लटकलेली दिसली. जिना झाडण्याची पाळी. श्टुटगार्टकडचे श्वाबियन लोक या ‘केअरवोख’बाबत किती हळवे असतात, हे एव्हाना कानावर आले होतेच. करारात ही बाब नव्हती, नाहीतर तीही वाचून झाली असती. पुणेकराने झाडू हाती घेतला.

तीन महिन्यांनी नोंदवहीतल्या नोंदीचे पत्र आले. त्याने फोटो काढून पुण्याला पाठवला. तिकडून लगेच फोन.

‘इंडेक्स टू हाच का?’

‘तसंच काहीतरी, बाबा.’

‘सही कुठाय? शिक्का कुठाय?’

पत्राखाली बारीक अक्षरांत छापले होते, की हे यंत्राने तयार केले असून यावर सही केली जात नाही. वडील थोडा वेळ गप्प राहिले. ‘फसवलं रे तुला,’ ते म्हणाले.

मग पुणेकराने कपाटातून नोटरीकडची ती बावीस पानांची प्रत काढली. दोऱ्याने शिवलेली, गाठीवर उठावदार शिक्का असलेली. तिचा फोटो गेला. पलीकडे चष्मा शोधल्याचा आवाज, आईला हाक, मग बराच वेळ दोघांचे कौतुकाने बघणे.

‘हा कागद म्हणायचा,’ वडील म्हणाले. ‘उद्याच्या उद्या लॅमिनेट करून घे.’