गहाळवाले काका

कागद हरवणं कुणालाही जमतं. तो रीतसर हरवायचा असेल तर काकांकडे जावं लागतं.

सांगली जिल्ह्यातल्या कुठल्याही तहसील कचेरीच्या फाटकाबाहेर जा, झेरॉक्सचं दुकान आणि चहाचा गाडा यांच्या मधोमध, ताडपत्रीखाली काका सापडतीलच. टेबलावर पूर्वी गोदरेजचा मराठी टाइपरायटर होता. आता संगणक आहे, पण काका त्याची बटणं अजून टाइपरायटरच्याच जोरानं दाबतात. शेजारी निळ्या शाईचा पॅड. अंगठा उठवून झाला की माणूस शाई डोक्याच्या केसांना पुसतो, म्हणून काकांनी फडकं ठेवायचं कधीच सोडून दिलंय.

"काय हरवलंय?"

"शाळा सोडल्याचा दाखला."

"कुठं?"

"ते ठाऊक असतं तर उचलून आणला नसता का, काका?"

काका चष्म्यावरून बघतात. "मसुद्यात जागा मोकळी हाय. तिथं काहीतरी घालाय लागतंय." मग तेच ठरवतात : मिरज ते सांगली, एसटीनं प्रवास करत असताना. काकांचे सगळे मसुदे खरे धरले, तर जिल्ह्यातले निम्मे दाखले त्या दहा किलोमीटरांच्या रस्त्यावर पडलेले आहेत. खरी कारणं निराळीच असतात. कुणाचा दाखला वाटणीच्या भांडणात थोरल्या भावानं चुलीत घातलेला असतो, कुणाचा पोरांच्या जुन्या वह्यांबरोबर रद्दीत गेलेला असतो, आणि एखाद्याचा त्याच शाळेच्या कपाटात असतो, फक्त ते कपाट उघडायची कुणाची तयारी नसते. काका सगळं ऐकून घेतात, मान डोलावतात आणि टंकतात : प्रवासात गहाळ. भाऊ घातला की भावाला बोलवा म्हणतील, कपाट घातलं की शाळा चिडेल. एसटीला मात्र कुणी साक्षीला बोलवत नाही.

एरवी काका तुमच्या-आमच्यासारखंच बोलतात. पण बोटं बटणांवर पडली की वाणी बदलते. "सदरहू दाखला बराच शोध घेऊनही मिळून आलेला नाही. तो मी कोठेही गहाण अगर तारण ठेवलेला नाही. यदाकदाचित मिळून आल्यास त्वरित कार्यालयात जमा करीन." चौथीचा दाखला तारण घेऊन कर्ज देणारी पतसंस्था अजून तरी जिल्ह्यात निघालेली नाही. पण निघालीच, तर काकांचं गिऱ्हाईक अडकणार नाही.

शेवटच्या परिच्छेदात भारतीय दंड संहितेचं कलम 193 येतं. ही संहिता 1 जुलै 2024 पासून गेली, तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि 193 चं 229 झालं, हे एका शिकाऊ वकिलानं काकांना समजावून सांगितलं. काकांनी विचारलं, "खोट्या साक्षीला सात वर्षं होती, ती कमी झाली का?" नाही, म्हणाला. "मग नंबर कशाला बदलू?" आणि तो मसुदा अजून तसाच छापला जातो.

मुद्रांकाच्या बाबतीत मात्र काका अद्ययावत असतात. ऑक्टोबर 2024 मध्ये शंभराचा स्टँप पाचशेचा झाला तेव्हा त्यांनी सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाला ते असं सांगितलं, जणू जवळचं कुणी गेलंय. पुढं 2025 मध्ये सरकारनं खुलासा केला, की जात, उत्पन्न, रहिवास असल्या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक नको. त्याआधी 9 मार्च 2015 चा शासन निर्णयही होता, की बऱ्याच कामांना साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र पुरे. काकांचा धंदा बसला, असं तेव्हाही सगळे म्हणाले. पण कोऱ्या कागदावरची शपथ खिडकीतल्या माणसाला हलकी वाटते. "साधा नको, नोटरी करून आणा," एवढं तो म्हणतो, आणि काकांची चूल पेटते.

एकदाच काकांना कारणं शोधावी लागली नाहीत. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली आणि नंतर टेबलापुढं चिखलाच्या पायांची रांग लागली. रेशनकार्ड, सातबारा, पासबुक, सगळ्यांचं कारण एकच : पूर. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा एकामागून एक खरी प्रतिज्ञापत्रं टंकली आणि त्यांतल्या बऱ्याच जणांकडून टंकायचे पैसे घेतले नाहीत, हे ते कुणाला सांगत नाहीत. तेवढ्यात जत तालुक्यातला एक गडी आला. तिकडं तेव्हा प्यायचं पाणी टँकरनं येत होतं. त्याचाही दाखला पुरात वाहून गेला होता.

"तुमच्याकडं पूर?"

"सांगलीला पाव्हण्याकडं ठेवला हुता."

काकांनी त्याच्यासाठी मात्र एसटीच लावली.

त्यांचा खरा कस लागला तो एका म्हातारीपुढं. केशरी रेशनकार्ड गेलेलं. काकांनी "प्रवासात गहाळ" वाचून दाखवलं, तशी तिनं अंगठा मागं घेतला.

"गहाळ न्हाई बाबा. शेरडानं खाल्लं. माझ्या डोळ्यांदेखत."

"आजी, असंच लिवत्यात."

"वर शपथेवर म्हणलायस न्हवं? मग खोटं कसं लिवू? प्रवास मी केलाच न्हाई."

काका बराच वेळ पडद्याकडं बघत राहिले. मग त्यांनी आख्ख्या कारकिर्दीत नसलेली ओळ घातली : सदरहू शिधापत्रिका अर्जदाराच्या शेळीने भक्षण केली असून, बराच शोध घेऊनही... इथं थांबले, "बराच शोध घेऊनही" खोडलं. म्हातारीनं अंगठा केला, केसांना पुसला आणि पुरवठा शाखेत गेली.

तासाभरात कागद परत आला. कोपऱ्यात लाल शाईनं शेरा : सदर शेळी अर्जदाराच्या मालकीची असल्याबाबत पुरावा जोडावा.

काकांनी तो दोनदा वाचला आणि प्रिंटरमध्ये नवा कागद घातला.

"नाव सांगा, आजी. वय... धंदा शेती. आता शेरडाचा रंग कुठला?"