शिरच्छेदानंतरची शिस्त

नॉरफॉकच्या ब्लिकलिंग हॉलमधल्या भुताचं कौतुक करावं तेवढं थोडं. राणी ॲन बोलिन. 19 मे 1536 ला शिरच्छेद झाला. दरवर्षी त्याच रात्री, म्हणे, बाई स्वतःचं मुंडकं मांडीवर घेऊन बग्गीतून येतात. गाडीवानालाही डोकं नाही, घोड्यांनाही नाही. तरी वाट चुकत नाही. आताचा वाडा त्यांच्यामागे सुमारे 80 वर्षांनी बांधायला घेतला, तोही बरोबर सापडतो. 1752 मध्ये ब्रिटनने कॅलेंडरातून 11 दिवस उडवले, तेव्हा बाईंनी हूं की चूं न करता नवी तारीख लावून घेतली.

भूत असलं की वाड्याची तिकिटं खपतात; इतर जमीनदारांनी बोध घ्यावा. म्हातारपणी अंथरुणात सुखाने मरायचं आणि वारसांच्या गळ्यात मृत्युकर नि गळकं छप्पर बांधायचं, हा निव्वळ बेजबाबदारपणा. घरटी निदान एक सून तरी वेळीच भिंतीत चिणून ठेवावी. पणतवंडं दुवा देतील.

ॲनचा नवरा राजा हेन्री आठवा, याला ही दृष्टी होती. एका राणीवर भागणार नाही हे ओळखून त्याने 1542 मध्ये कॅथरिन हॉवर्डचंही डोकं उडवलं आणि तिच्या भुताच्या जोरावर हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याच्या तिकीटखिडकीचीही कायमची सोय लावून दिली.