येळकोट आणि बकल

जेजुरीच्या पायऱ्यांवर नवऱ्यानं काय उचलायचं हे ठरलेलं आहे. लग्न झालं की बायकोला उचलायचं, निदान पाच पायऱ्या. पुढे मूल झालं की ते कोणी उचलायचं, कसं उचलायचं, याबद्दल कुळाचार गप्प आहे. आमच्या घरात मात्र कोणीच गप्प नव्हतं.

मुलाचं जावळ खंडोबाला काढायचं ही आईची इच्छा. जावळ मामाच्या मांडीवर काढतात, म्हणजे मेहुण्याचं काम बसून. माझं काम चढायचं. माझं पोट आणि कुठल्याही गडाच्या पायऱ्या यांचं पूर्वीपासून पटत नाही. लग्नानंतर बायकोला उचललं तेव्हा पाचव्या पायरीवर तिनंच मला धरून ठेवलं होतं, असं ती सांगते, आणि दुर्दैवानं फोटोतही तसंच दिसतं. त्यामुळे या खेपेला बाळ अंगाला बांधून न्यायचं आणि दोन्ही हात कठड्यासाठी मोकळे ठेवायचे असं ठरलं.

बांधायचं कशात, हा प्रश्न. आईचं मत, कशाला हवीत ही थेरं, झाशीच्या राणीनं काय विकत आणलं होतं? यावर मी तिला सांगून पाहिलं की दामोदररावांचा जन्म 1849चा आणि राणी झाशीच्या किल्ल्यातून बाहेर पडली 1858 साली. म्हणजे पाठीवर होतं ते चांगलं आठ वर्षांचं घोडं. आजच्या बहुतेक कॅरिअरवर पंधरा किलोच्या आसपास मर्यादा लिहिलेली असते; राणीचा शेला त्या नियमात कुठेच बसत नाही. आई म्हणाली, "तुला इतिहासात नेहमी कमीच मार्क पडायचे."

लक्ष्मी रोडवरच्या दुकानात विक्रेत्यानं सगळे प्रकार एका टेडी बेअरवर करून दाखवले. अस्वल फार समजूतदार होतं. पाय झाडत नव्हतं, चष्मा ओढत नव्हतं, कशातही घाला, हसतच होतं. पहिला प्रकार पाचेक मीटरच्या लांब कापडाचा. पोटावरून, पाठीवरून, खांद्यावरून फिरवून गाठ मारायची. माझ्या पोटावरून फिरल्यावर गाठीपुरतं कापड उरलं नाही. दुसरा कड्यांचा, एका खांद्यावरून येणारा. पण माझा एक खांदा लॅपटॉपच्या बॅगेनं आधीच खाली गेलाय. तिसरा बकलांचा: रुंद पट्टा कमरेला, दोन पट्टे खांद्यांवर आणि ते खांद्यांचे पट्टे मागे मानेखाली जोडणारी एक चिमुकली चाप. ही चाप आपली आपल्याला लावता येत नाही. ज्यांना येते ते लोक योगासनांचे वर्ग घेतात. "कमरेचा पट्टा हाडावर बसवा," विक्रेता म्हणाला. माझ्या कमरेचं हाड नक्की कुठे आहे यावर दुकानात थोडा वेळ चर्चा झाली.

बायको मात्र अभ्यास करून आली होती. बाळ इतकं वर हवं की मान किंचित झुकवली तर त्याच्या टाळूचा पापा घेता यावा. कापड घट्ट हवं, पाठ गोलसर पण टेकलेली, चेहरा सतत दिसता, आणि हनुवटी नि छाती यांत दोन बोटं तरी जागा. गुडघे ढुंगणापेक्षा वर, मांड्यांना गुडघ्यापर्यंत आधार, म्हणजे बेडकाची बैठक. पाय नुसते खाली लोंबत असतील तर तो कॅरिअर परत ठेवायचा. खुब्याच्या सांध्यासाठी हे महत्त्वाचं आहे. जिथं पोरं पाय फाकवून कडेवर किंवा पाठीवर नेतात तिथं खुबा निखळण्याचा दोष कमी दिसतो. जिथं पाय सरळ करून करकचून गुंडाळतात तिथं जास्त. कडेवर घेणाऱ्या आपल्या आज्या हे शास्त्र नकळत पाळत होत्या. ही गोष्ट मी आईला सांगितली नाही.

एक गोष्ट मात्र मला दुकानातच थंड करून गेली. अगदी तान्ह्या बाळांची मान धरलेली नसते. खोल झोळीत अंग दुमडून हनुवटी छातीला टेकली की श्वासाची वाट बंद होऊ शकते, आणि अशा वेळी बाळ रडत नाही. आवाजच येत नाही. अमेरिकेतल्या ग्राहक सुरक्षा आयोगानं 2010 साली चार महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी याचा खास इशारा दिला होता. आमचा गडी मान धरून, बसून, आल्यागेल्याला थोबाडीत मारण्याच्या वयात पोचला होता. तरी मी त्या अस्वलाची हनुवटी दोन बोटांनी तपासून पाहिली. विक्रेत्यानं बायकोकडे बघितलं.

दिवे घाट, सासवड, सासवडची अंजिरं, जेजुरी. जावळ निघालं, मेहुण्याची मांडी ओली झाली, सगळं यथासांग. गडाच्या पायथ्याशी एका फोटोवाल्यानं गाठलं. "दादा, वहिनींना उचला, एकच फोटो!" छातीवर बाळ बांधलेलं दिसत असूनही म्हणाला, "मग दोघं एकदम घ्या, जोरदार येईल." गडावर बेचाळीस किलोचा खंडा आहे, दसऱ्याला लोक तो एका हातानं तोलतात, दातांत धरून उचलतात. त्यांना भेट म्हटलं.

भंडाऱ्याची मात्र काळजी होती. हळद असेल तर ठीक, पण हळदीच्या नावाखाली पिवळी पूडही विकली जाते, आणि ती बाळाच्या डोळ्यानाकात जायला नको. म्हणून पोराचं तोंड माझ्या छातीकडे ठेवलं, वरून कॅरिअरची टोपी ओढली. महाद्वारापाशी कोणीतरी "येळकोट येळकोट" म्हणत मूठभर उधळला. बाळ कोरडंठाक राहिलं. सगळा भंडारा माझ्या मानेवर, आणि मानेवरून त्या चिमुकल्या चापेत.

हे कळलं दर्शनाच्या रांगेत. आधी वास आला. मग पोटावर ऊब जाणवली. मग मागच्या गृहस्थांनी "बाळानं केलेलं दिसतंय" अशी सर्वांना पुरेल अशा आवाजात माहिती दिली. रांग अशी की पुढे देव, मागे सोलापूर जिल्हा, दोन्ही बाजूंना लोखंडी पाइप. बायकोनं चाप दाबली. चाप हलेना. बारीक पूड आत गच्च बसली होती. मेहुण्यानं दाबली. मागच्या गृहस्थांनी दाबली. त्यांच्या मुलानं दाबून मोबाइलवर टॉर्च लावला. चापेपर्यंत रांगेतले अनोळखी हात येत होते आणि मी खाली मान घालून उभा होतो. कोणी नखानं कोरा म्हणालं, कोणी तेल सुचवलं. खाली न्हावी आहे, वस्तरा मागवा, असंही एक मत पडलं. साडेचार हजारांचा पट्टा कापायची सूचना करणाऱ्याकडे बायकोनं असं बघितलं की तो रांग सोडून गेला. आमचा एक नंबर पुढे सरकला.

"आवं, चाप ऱ्हाऊ द्या की. पट्टं ढिलं करा आन् पोर वरनं काढा."

हिरव्या लुगड्यातल्या एक आजीबाई. बायकोनं बाळाला एका हातानं धरून खांद्यांचे पट्टे सैल केले, आणि पोर वरून अलगद सुटून आलं. आजीबाईंनी त्याला एका हातानं कडेवर घेतलं, दुसऱ्या हातानं धुवायला पाणी मागवलं. मला वाटलं, आता आमच्या पिढीचा उद्धार होणार. आमच्या वेळी कुठं होतं असलं, पदराला बांधायचो, वगैरे. आई तर त्यांना साथ द्यायला पदर खोचून तयारच होती.

आजीबाई कॅरिअर निरखत होत्या. मळला नव्हता त्या बाजूनं पट्ट्याची गादी चिमटीत धरून पाहिली.

"ह्ये कमरंला यीतं व्हय वजन? खांद्याला न्हाई?"

"जास्त कमरेला," बायको म्हणाली.

"आमी झोळीत घालून खुरपायचो. वाकलं की पोर म्होरं यायचं, एक हात त्याला, एक खुरप्याला. चार पोरं झाली. ही बाजू गेली ती गेलीच." त्यांनी डाव्या कमरेवर हात ठेवला. तक्रारीचा सूर नव्हता. बांधावरची जमीन दाखवावी तसं दाखवलं.

आईनं खोचलेला पदर सोडला आणि काही बोलली नाही.

"केवढ्याला?"

बायकोनं आकडा सांगितला. आजीबाईंनी रांगेतल्या आपल्या मुलाकडे वळून जाहीर केलं, "एवढ्यात शेरडी यीती रं!" मग जरा थांबून, "शेरडीचं काय, यील फुडं. सुनंला दिस गेल्यात. ह्येचं नाव लिहून घे."

मुलानं फोटो काढायला मोबाइल पुढे केला. नाव लिहिलेली पट्टी पूर्ण पिवळी झाली होती. बायको ओल्या फडक्यानं ती घासायला लागली आणि मी, कमरेचा पट्टा तेवढा अजून बांधलेला, त्याला कमरेचं हाड कुठे असतं ते समजावू लागलो.