आज काय काय बघितलं?

बार्बाडोसच्या दक्षिण किनाऱ्यावर ऑइस्टिन्स नावाचं मासेमारीचं गाव आहे. दर शुक्रवारी रात्री तिथे जत्राच भरते. मासे भाजतात, तळतात, गाणी लागतात, माणसं नाचतात. आम्ही मुद्दाम मंगळवार निवडला. सुट्टीत गर्दीच बघायची तर दादरला उतरलं तरी भागतं.

मंगळवारी ऑइस्टिन्समध्ये घडण्यासारखं फार काही नसतं, आणि जे असतं ते अतिशय सावकाश घडतं.

हिचं माहेर मालवणचं. देश कुठलाही असो, मासळीबाजार दिसला की हिचा हात आपोआप कल्ला उचलायला जातो. मासेवालीने आधी डोळे वटारले, मग तिला ओळख पटली. म्हणजे हिची नव्हे, जातकुळीची. ती उडत्या माशांचे काटे काढत होती, तेही आमच्याकडे बघत. हा मासा जेमतेम वीतभर. कुणी पाठीस लागलं की पाण्याबाहेर सूर मारतो, पंख पसरतो आणि तरंगत लांब जातो. एवढी कसरत करून शेवटी पावात जातो. इथल्या एक डॉलरच्या नाण्यावरही तोच असतो. ज्याला नाण्यावर बसवायचं त्यालाच दुपारी तळून खायचं, हा व्यवहारीपणा मला फार आवडला. सागरी हद्दीवरून आणि याच माशावरून शेजारच्या त्रिनिदाद-टोबॅगोशी वाजलं, ते प्रकरण आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेलं, 2006 साली निकालही लागला. मासा निकाल न वाचताच हिंडतो.

जेवणात तळलेला मासा, मॅकरोनीची चौकोनी वडी आणि पिवळाजर्द तिखट सॉस. “मोहरी आहे. हळदसुद्धा,” ही म्हणाली. पुढचं वाक्य ठसक्यात गेलं.

मग मी बदामाच्या झाडाखाली बसलो. शेजारच्या टेबलावर चौघे जण डॉमिनो खेळत होते. या खेळात सोंगटी ठेवायची नसते, आपटायची असते. ज्याचा आवाज मोठा तो निम्मा जिंकलेला. मला वाटलं, चला, आपल्या पंथाची माणसं भेटली. विचारलं तर दोघे काळोखातच होडी घेऊन समुद्रात जाऊन आलेले, तिसरा होडीची डागडुजी करून बसलेला. चौथ्याने फक्त सोंगटी आपटली, पण त्याच्या हातावरचे दोराचे वळ मला दिसले. धक्क्याखालची कासवंही माशांच्या टाकाऊ तुकड्यांसाठी हातपाय मारत होती. त्या अख्ख्या किनाऱ्यावर निर्भेळ आळशी असा मी एकटाच.

“इंडिया?” त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने विचारलं. मी लगेच 1971 काढलं: इथल्याच ब्रिजटाउनला सरदेसाई 150, गावसकर नाबाद 117.

“त्याच सामन्यात सोबर्स नाबाद 178,” तो म्हणाला आणि सोंगटी आपटली. “आणि 1997? जिंकायला 120 हवे होते. तुमचे सगळे मिळून किती?”

एक्याऐंशी. पण परक्या देशात हे स्वतःच्या तोंडाने कोण सांगतो? मी 2024 चा विश्वचषक पुढे केला. तोही याच मैदानावर!

“ते दक्षिण आफ्रिकेला हरवलंत. आम्हाला नाही.” सोंगटी. खाट्.

अंतिम सामन्यानंतर लगेच बेरिल वादळ आलं, विमानतळ बंद झाला आणि आपला विजयी संघ बार्बाडोसमध्येच अडकला, हे मला आठवलं. बेटावर नुसतं बसून राहायला विश्वविजेत्यांनासुद्धा चक्रीवादळाचं सबळ कारण लागलं. मी मात्र स्वच्छ हवेत बसलो होतो! पण मी हे बोललो नाही ते बरं झालं. त्याच वादळाने इथल्या कितीतरी होड्या फोडल्या होत्या. डागडुजीवाला त्याबद्दल बोलत होता, आणि तेवढा वेळ कुणी सोंगटी आपटली नाही.

एवढ्यात मेव्हण्याचा फोन. आपल्याकडचं घड्याळ साडेनऊ तास पुढे, म्हणजे पुण्यात मध्यरात्र उलटलेली. पण हा माणूस आमच्या सहलीच्या काळजीने जागा. त्याने निघतानाच तासवार तक्ता करून दिला होता.

“भाऊजी, आज काय काय बघितलं?”

मराठी माणसाला परदेशात हा प्रश्न तपासनीसाने तिकीट मागावं तसा येतो. कासवं म्हणावं, तर ‘किती वेळ?’ येणार. डॉमिनो म्हणावं, तर अख्ख्या घराण्यात बभ्रा. मी फोन हिच्याकडे दिला.

ही शांतपणे म्हणाली, “अरे, आज ऐतिहासिक स्थळ केलं. 1652 मध्ये इथले राजनिष्ठ इंग्रज संसदेच्या आरमाराला शरण आले ना, तो करार इथलाच. आम्ही अगदी निवांत बघितलं.”

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. करार याच गावातल्या एका गुत्त्यात झाला होता, आणि गाव आम्ही सकाळपासून बसल्या जागेवरून बघतच होतो.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. तक्त्यात नसलेलं स्थळ बघून झालं होतं, त्यामुळे तो जरा हबकला असावा.

“बरं ताई,” तो म्हणाला, “प्रवेशशुल्क किती घेतलं?”