फणा पांढरा, पत्ता टपालखात्याचा

पहिला दमदार पाऊस पडून गेला की पुण्या-मुंबईच्या हौशी वनस्पतीप्रेमींचं घरात लक्ष लागत नाही. रविवारी महाबळेश्वर नाहीतर भीमाशंकरच्या रानात ही मंडळी चष्म्यावर वाफ, बुटात चिखल अशा थाटात ओणवी झालेली दिसतात. पुढ्यात काय, तर पालापाचोळ्यातून वर आलेला एक पांढरा फणा.

"काका, नाग!" म्हणत एखादा नवखा मागे सरतो. काका म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले आणि आता रानफुलांवर हुकमत गाजवणारे गृहस्थ. ते शांतपणे सांगतात, "सापकांदा. ॲरिसेमा मरेई. तुडवू नकोस." वाटाड्याला लॅटिनशी कर्तव्य नसतं. तो म्हणतो, "जिभेला लावू नका म्हंजे झालं."

दोघांचंही बरोबर. सापकांदा अळू-सुरणाच्या कुळातला. अंगात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुया बाळगणारा. चिंच विसरलेल्या फदफद्यानं ज्यांचा घसा एकदा खवखवलाय, त्यांना हे नातं वेगळं सांगायला नको.

खरी जुंपते ती संध्याकाळी, व्हॉट्सॲप ग्रुपवर. सह्याद्रीत ॲरिसेमाच्या आणखीही जाती आहेत. त्यातल्या ॲरिसेमा टॉर्चुओसमचा फणा हिरवा आणि त्यातून लांबलचक शेपटी वळण घेत वर निघालेली. मरेईचा फणा पांढरा, घशाशी जांभळट आणि शेपटी आखूड. पानं बघितली तर प्रश्नच मिटतो: मरेईच्या पर्णिका देठाच्या टोकाला एकाच बिंदूतून छत्रीच्या काड्यांसारख्या फाकतात, टॉर्चुओसमच्या एका कमानीवर ओळीनं बसतात. पण चाळीस फोटो आले तरी सगळे फण्याचेच, तेही समोरून, पासपोर्टला काढल्यासारखे. काका वैतागून लिहितात, "पान कुठाय?" उत्तर येतं, "पान नव्हतंच, काका." तक्रार करायला जागा नाही, कारण मरेईचं फूल पान उघडायच्या आधीच हजर होतं.

आणि ते फूल तरी कुठलं? फणा म्हणजे महाछद, एक बदललेलं पान. खरी फुलं आत, दांड्याच्या बुडाशी, दाटीवाटीनं चिकटलेली आणि कुणाच्याच फोटोत न आलेली.

या झाडाला शास्त्रीय कागदपत्रं मिळवून दिली ती टपालखात्यातल्या माणसानं. जॉन ग्रॅहम हे मुंबईचे डेप्युटी पोस्टमास्टर जनरल. पत्रांचे पत्ते सांभाळता सांभाळता त्यांनी मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची यादी करायला घेतली. ती 1839 मध्ये प्रसिद्ध झाली खरी, पण त्याच वर्षी ग्रॅहम वारले आणि उरलेलं काम जोसेफ निमो यांनी पुरं केलं. ग्रॅहमनी सापकांद्याला 'ॲरम' या प्रजातीत घातलं होतं. 1848 मध्ये विल्यम हूकर यांनी तो ॲरिसेमात हलवला. टपाल नव्या पत्त्यावर रवाना. पुढे मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ लिहिला थिओडोर कुक यांनी. हे इंजिनिअर, रेल्वेत पूल बांधलेले, नंतर पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य. बँकवाल्या काकांनी ग्रुपवर एवढा आवाज चढवावा, याला असा जुना आधार आहे.

जात ठरली तरी काकांची वही स्वस्थ बसू देत नाही. ॲरिसेमाच्या अनेक जातींत कंद लहान असेल त्या वर्षी झाड नर, कंद पोसला की मादी. लाल दाण्यांचं कणीस पिकवून कंद खंगला, तर पुन्हा नर. त्यामुळे एकाच खडकामागच्या एकाच झाडाची गेल्या पावसाळ्यातली नोंद 'नर' आणि यंदाची 'मादी' निघू शकते. ग्रुपवरचे तरुण लगेच म्हणतात, काकांना आता चष्म्याचा नंबर बदलायला हवा.

नर की मादी, हे वरून कळत नाही. याची परीक्षा होते ती चिलटांसारख्या बारीक माश्यांची. वासाला भुलून त्या फण्यात उतरतात. आतल्या गुळगुळीत भिंतीवरून वर चढता येत नाही. नराच्या फण्याला बुडाशी एक बारीक फट असते. माशी परागकण माखून तिथून सटकते आणि जिवाची खैर मानायच्या ऐवजी सरळ दुसऱ्या फण्यात शिरते. तो मादीचा असला, तर खाली फटच नसते. माशी खाली फट शोधत फुलांवरून येरझारा घालते, तेवढ्यात परागीभवन उरकतं. कणीस लाल होईपर्यंत काका तिसऱ्यांदा तिथं जातात आणि वहीतलं 'नर' खोडतात.