गुडघ्यांनी वाजवायची गिटार

फ्रिस्को, टेक्सास
येळवशीनंतरचा सोमवार

ती. सौ. आई आणि ती. अण्णा यांना,
शि. सा. नमस्कार वि. वि.

आई, मागच्या फोनवर तुम्ही दोनदा विचारलंत, "मागं कोण रडायलंय गं?" मी टीव्हीवर ढकलून वेळ मारून नेली. घरात कुणी रडत नव्हतं. रेवा ठणठणीत आहे, मीही बरी आहे. तो आवाज तुमच्या चिरंजीवांच्या नव्या वाद्याचा होता. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही अण्णांना हाक मारली असती, अण्णांनी स्पीकर लावायला सांगितला असता आणि संध्याकाळपर्यंत नांदेडातल्या अख्ख्या वजिराबादला कळलं असतं. म्हणून पत्र.

वाद्याचं नाव पेडल स्टील गिटार. गिटार म्हटल्यावर गळ्यात पट्टा अडकवून नाचणारा हिरो डोळ्यांपुढं आणू नका. ही चार पायांवर उभी असते आणि वाजवणारा तिच्यापुढं स्टुलावर बसतो. अरुंद फळीवर दहा तारा. डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत कांडी धरून ती तारांवरून सरकवायची. तार बोटानं दाबायचीच नाही. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं यांत नख्या. इथवर माणसाला झेपेल असं आहे. आता खाली वाकून बघा. डाव्या पायाशी तीन पेडलं, उजव्या पायाखाली आवाज कमीजास्त करायचं आणखी एक, आणि दोन्ही गुडघ्यांच्या आजूबाजूला लोंबणाऱ्या लोखंडी पट्ट्या. त्या गुडघ्यानं डावीकडं-उजवीकडं ढकलायच्या. सप्तपदीच्या वेळी ज्यांचा डावा-उजवा पाय भटजींना हातानं धरून लावावा लागला, ते आता दोन हात, दोन पाय आणि दोन गुडघे एकाच वेळी निरनिराळ्या कामांना लावून बसतात. मोकळं राहतं फक्त तोंड, आणि ते उघडंच असतं.

एवढ्या खटाटोपाचं कारण मात्र ऐकण्यासारखं आहे. अण्णा, हे खास तुमच्यासाठी. सा-ग-प अशा तारा एकदम छेडल्या समजा. डाव्या पायाचं पहिलं पेडल दाबलं की पंचमाची तार ताणली जाऊन धैवतावर जाते. दुसरं दाबलं की गंधाराचा मध्यम होतो. दोन्ही एकदम दाबली की हात जागचा न हलवता सा-ग-पचं सा-म-ध होतं, आणि षड्ज आपल्या जागी तसाच उभा राहतो. सतारीवर तार ओढून मींड काढतात, पण इथं एक सूर स्थिर असताना त्याच्या अंगाला घासून दुसरे दोन वर चढतात. तुम्हाला रडणं वाटलं ते हेच, आई. आकाशवाणीनं पेटीला तीसेक वर्षं दाराबाहेर उभं केलं होतं, का तर तिच्यातून मींड निघत नाही. हे वाद्य तेव्हा दिल्लीला पोचलं असतं तर मींड जरा कमी करा म्हणायची पाळी आली असती.

या मंडळींचा एक कुलवृत्तांत आहे आणि तो ते कुणालाही सांगतात. हवाई बेटांत लाइए नावाचं गाव. तिथल्या जोसेफ केकुकू या शाळकरी पोरानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गिटारच्या तारांवर लोखंडाचा तुकडा सरकवून बघितला. कुणी म्हणतं रेल्वेच्या रुळावर सापडलेला बोल्ट, कुणी म्हणतं कंगवा. तिथून हवाईयन गिटार निघाली आणि अमेरिकाभर झाली. पुढं कुणीतरी तिला पाय लावले, मग पेडल. १९५४ साली वेब पिअर्स यांचं 'स्लोली' हे गाणं गाजलं. त्यात बड आयझॅक्स यांनी तार वाजत असतानाच पेडल दाबलं. ते ऐकल्यावर देशभरच्या वादकांना आपापल्या बिनपेडलच्या गिटारी जुन्या वाटायला लागल्या म्हणे. मग बडी एमन्स आले. १९३७चा जन्म, २०१५ला गेले. त्यांचं नाव निघालं की ही म्हातारी माणसं टोपी काढतात.

त्याच लाइए गावात वाढलेले ताऊ मो आपलं वाजवणारं-गाणारं कुटुंब घेऊन जग हिंडले आणि १९४०च्या दशकात काही वर्षं चक्क कलकत्त्यात राहिले. आपल्याकडं ही गिटार रुजली त्यात त्यांचा मोठा वाटा. मग व्हॅन शिप्ली, हजारा सिंग यांच्या सिनेमाच्या चालींच्या तबकड्या आल्या, विविध भारतीवर 'साज़ और आवाज़' लागायला लागलं. ब्रिजभूषण काबरा यांनी त्याच गिटारवर रागदारी वाजवली. १९६७च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये संतूर आणि बासरीच्या जोडीला तेच आहेत. विश्वमोहन भट्ट यांना तर ग्रॅमी मिळालं. आणि नांदेडात गणपतीच्या ऑर्केस्ट्रात, पांढरी पँट घालून, मांडीवर आडवी गिटार घेऊन बसलेला एक तरुण होता. त्याचा फोटो तुमच्या कपाटातल्या अल्बममध्ये आहे, आई, आणि त्याची गिटार माळ्यावर, कुरडयांच्या डब्यामागं. तेव्हा हे खूळ अमेरिकेनं लावलं असं कृपा करून म्हणू नका. हे घरचंच आहे.

आता शनिवारची हकीकत. या लोकांचे मोठे मेळावे होतात. सेंट लुईसला डिविट स्कॉट नावाच्या गृहस्थांनी वर्षानुवर्षं आंतरराष्ट्रीय संमेलन भरवलं. इथं डॅलसलाही टेक्सासच्या वादकांच्या संघटनेचा मोठा मेळावा असतो. तिथं व्यासपीठ असतं, तिकीट असतं. परवाचा प्रकार साधा होता. गावाबाहेर एका निवृत्त विमान-मेकॅनिकचं ट्रॅक्टर ठेवायचं शेड. ट्रॅक्टर बाहेर काढला, खुर्च्या आत टाकल्या, झालं. निमंत्रणपत्रिका नाही, दीपप्रज्वलन नाही, अध्यक्षांचं मनोगत तर नाहीच. आल्या आल्या मला चुकल्यासारखं झालं.

डझनभर वादक असतील. सगळ्यात तरुण आपले हे, म्हणजे बघा. बाकीचे सत्तरीच्या पुढचे; दोघांचे गुडघे बदललेले, आणि नवा गुडघा पट्टी कशी ढकलतो यावर त्यांचं भरपूर बोलून झालं. प्रत्येकानं गाडीतून पेटारा उतरवला. जोडगळ्याची गिटार पेटाऱ्यासकट तीस किलोच्या घरात जाते. विमानात तेवीस किलोची बॅग चालते. नाहीतर ती मे महिन्यात नांदेडला आलीच असती. विमान कंपन्यांच्या सगळ्याच नियमांना नावं ठेवू नयेत.

जोडगळ्याची म्हणजे एकाच देहावर दोन गळे, दहा-दहा तारांचे. त्यांतला एक ई-नाईन नावाच्या स्वरमेळात लावलेला, दुसरा सी-सिक्समध्ये. ई-नाईनवर गावाकडची रडकी गाणी, सी-सिक्सवर जरा शहरी, नाचायची. यांत श्रेष्ठ कोण यावर दोन तट. विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला, यावरून आमच्या लग्नानंतरही सासर-माहेरची जुंपत होती, ती आठवली. फरक एवढाच की इथं दोन्ही तट एकाच लाकडावर बसवलेत आणि भांडणारा स्टूल न बदलता बाजू बदलू शकतो.

वाजवायला सुरुवात होण्याआधी तासभर नुसतं सूर लावणं. मला वाटलं, झालं, तबलजी हातोडी घेऊन बसला की आपण चहा पिऊन येतो तेवढाच वेळ. पण यात वादच फार. पेडल दाबलं की गिटारचं लाकूड केसभर वाकतं आणि न दाबलेल्या ताराही जराशा उतरतात, यावर अर्धा तास. मग गंधारावर. यंत्राचा काटा मधोमध आला तरी तो गंधार यांना चढा वाटतो. म्हणून बहुतेकजण तो थोडा खाली उतरवतात. एक आजोबा ह्यांना समजावत होते की दोन तारा एकदम वाजवल्यावर आवाजात जो थरथराट येतो तो विरेपर्यंत उतरव, काट्याकडं बघू नकोस. अण्णा, तंबोऱ्याच्या खर्जातून गंधार आपोआप ऐकू येतो हे तुम्ही ह्यांना लहानपणी कान धरून शिकवलंत. तोच गंधार टेक्सासच्या ट्रॅक्टर-शेडमध्ये, काऊबॉय टोपी घातलेल्या माणसानं लावून दाखवला. ह्यांचा चेहरा बघायला हवा होता. मला मात्र त्या क्षणी एवढंच कळलं की आता घरी रोज अर्धा तास जास्त.

बायकांची बैठक शेडबाहेर. माझं तिथं फार मनापासून स्वागत झालं. एकीनं विचारलं, "तुझ्याकडं कधीपासून?" मला आधी वाटलं आजाराबद्दल विचारतेय. त्यांच्याकडून कळलं की हा माणूस दोन वर्षांत एक वाद्य घेईल, पाच वर्षांत ते विकून दुसरं घेईल, आणि मग विकलेलं परत शोधत फिरेल. ही माणसं एकत्र का जमतात तेही कळलं. हे वाद्य एकट्यानं वाजवलं की अपुरं वाटतं, आणि घरात वाजवलं की पुरे वाटतं.

प्रत्येकाला तीन-तीन गाणी. साथीला ड्रम, बेस आणि एक साधी गिटार. एक कृष्णवर्णीय आजोबा आले होते, ते फक्त चर्चमध्ये वाजवतात. त्यांच्या 'हाऊस ऑफ गॉड' पंथाच्या चर्चमध्ये १९३०च्या दशकापासून ऑर्गनच्या जागी स्टील गिटार आहे. तिला तिकडं सेक्रेड स्टील म्हणतात, आणि त्यातूनच पुढं आलेला रॉबर्ट रँडॉल्फ आज मोठमोठ्या मैफिली करतो. आजोबांनी सुरुवात केली आणि दुसऱ्या मिनिटाला सगळी म्हातारी माणसं उठून उभी. गिटार चक्क बोलत होती, ओरडत होती, विनवत होती. आई, आपल्याकडं हरिनाम सप्ताहात काल्याच्या दिवशी मृदंग चढत जातो ना, तेव्हा अंगावर येतो तोच काटा. मी चष्मा पुसून घेतला.

त्यांच्या पाठोपाठ वाजवायची पाळी कुणाची आली असेल? तुमच्या चिरंजीवांची. मला पळून जावंसं वाटलं. त्यांना सबंध येतो तो एकच अभंग. पहिल्या दोन ओळी विठ्ठलानंच सांभाळल्या. तिसऱ्या ओळीला ड्रमवाल्याला ठेका सापडला. इकडं आगगाडीच्या चालीचा म्हणून एक ठेका असतो तो, खटखट-खटखट करत निघतो. बेसवाला मागोमाग चढला. मग काय, विठोबा नंदीग्राम एक्स्प्रेसमध्ये बसून मनमाडच्या दिशेनं निघाला. ह्यांना थांबायचं कसं ते माहीत नव्हतं आणि बाकीच्यांना थांबायचं नव्हतं. संपल्यावर चर्चवाल्या आजोबांनी विचारलं, हे कुठल्या चर्चचं भजन? हे म्हणाले, पंढरपूरच्या. आजोबा म्हणाले, तिथले लोक चालत येत असणार, चालीवरून कळतं. अण्णा, याला ऐकणं म्हणतात.

आता जेवण. ज्यानं त्यानं आपापला पदार्थ आणायचा होता. शुक्रवारी येळवस. तुमच्या नांदेडपेक्षा आमच्या लातूरला तिचं वेड जास्त, हे तुम्हीही मान्य कराल. त्या दिवशी शहर ओस पडतं, सगळे शेतात कडब्याच्या खोपीपुढं. मी इथं एकटी, शेत नाही, खोप नाही. म्हणून गोठवलेले तुरीचे दाणे, वाटाणे, पावटे, मेथी, पालक, मिळेल ते घालून भज्जी केली आणि मोठ्या थर्मासात आंबील भरली. भज्जीभोवती आधी संशयाचं वातावरण. चिली हा १९७७ पासून टेक्सासचा अधिकृत राज्य-पदार्थ आहे आणि त्यात कडधान्य घालणं इथं पाप समजतात. मी जाहीर केलं, ही चिली नाही, ही येळवस आहे. मग पातेलं पुसून निघालं. आंबील मात्र परत घरी न्यावी लागणार असं धरून चालले होते. तर एका आजीबाईंनी ज्वारीचं ताक आहे एवढं ऐकलं, मक्याचा पाव त्यात कुस्करला आणि चमच्यानं खायला बसल्या. त्यांच्या घरी ताकात मक्याचा पाव पिढ्यान्‌पिढ्या चालतो. त्यांनी कृती लिहून घेतली. मी ज्वारी कुठं मिळते ते सांगायला लागले तर त्याच म्हणाल्या, टेक्सासात ज्वारीची शेतं आहेत, पण बरीचशी जनावरांना घालतात. मी गप्प बसले. लातूरच्या माणसानं ऐकून घेण्याचीही एक हद्द असते.

पुढच्या बैठकीला हे भैरवी आणणार आहेत. आयोजकांनी भज्जी आधीच सांगून ठेवली आहे. वादनाबद्दल ते मोघम बोलले.

अण्णा, एक काम. मे महिन्यात आम्ही येतोय. माळ्यावरची गिटार खाली काढून ठेवा, आणि तारा सैल करा, म्हणजे मान वाकायची नाही. तुमची कांडी देवघराच्या खणात आहे, आई तिच्यानं सुपारी फोडतात, मी पाहिलंय. दोघं बाप-लेक ओसरीवर बसा. आई, आपण तेवढा वेळ होट्टलला देवळं बघून येऊ.

थोरल्या आत्यांना नमस्कार सांगा. रेवाचे पापे.

तुमची,
अंजू

ता. क. वाद्याची किंमत इथं लिहीत नाही. अण्णांनी विचारलीच तर सांगा, ट्रॅक्टरपेक्षा स्वस्त पडलं.